दूरचित्रवाणीचा अभ्यास आणि संहितेचा प्रश्न

१. विषयप्रवेश

दूरचित्रवाणी हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आता पन्नास वर्षे जुना झाला आहे. ब्रिटन व अमेरिकेतील विद्यापीठांनी त्याचे होकारार्थी उत्तर १९७० च्या दशकातच दिले. आपल्याकडील मराठी विभागांनीही दूरचित्रवाणीला दार पूर्णपणे बंद ठेवलेले नाही. 'प्रसारमाध्यमांसाठी लेखन' या अभ्यासपत्रिकेतून संवादलेखन, निवेदन, पटकथा यांचे शिक्षण दिले जाते. 'माध्यमांतर' या विषयाखाली एखाद्या कादंबरीची मालिका होताना काय बदलले याची चर्चा होते. ही दोन्ही कामे उपयुक्त आहेत. तथापि पहिल्यात दूरचित्रवाणी हा एक व्यवसाय असतो आणि दुसऱ्यात ती साहित्याची आश्रित असते. दूरचित्रवाणीवरील कृती स्वतंत्रपणे वाचावी, तिची घटना, भाषा व अर्थ तपासावेत, ही अपेक्षा दोहोंपैकी कोठेही केली जात नाही.

या अभ्यासशाखेची उभारणी तीन प्रश्नांवर झाली आहे. दूरचित्रवाणीची संहिता कशाला म्हणावयाचे? तिचा अर्थ कोण लावतो? आणि ती कोठे जतन केलेली आहे? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. भारतात दुसरा प्रश्न आधी व मोठ्या प्रमाणावर विचारला गेला, पहिला मागे राहिला आणि तिसऱ्याकडे जवळजवळ दुर्लक्ष झाले. हा क्रम दुरुस्त करण्याचे काम साहित्याचे, विशेषतः भाषाविभागांचे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. साहित्याच्या वर्गातून निघालेली शाखा

या शाखेचे आद्य अभ्यासक बहुतांशी साहित्याचे अध्यापक होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन करणारे रिचर्ड हॉगार्ट हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. केंब्रिजचे रेमंड विल्यम्स यांचा अध्यापनाचा विषय नाटक हा होता. १९६८ ते १९७२ या काळात त्यांनी 'द लिसनर' या नियतकालिकात दूरचित्रवाणीवर स्तंभलेखन केले आणि १९७४ साली 'टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस न्यूकम यांचे 'टीव्ही : द मोस्ट पॉप्युलर आर्ट' हे पुस्तक आले. न्यूकम यांनी जवळीक, सातत्य आणि इतिहास हे दूरचित्रवाणी-कलेचे तीन विशेष मानले. कादंबरीच्या समीक्षकाने मांडावेत तसेच ते आहेत.

विल्यम्स यांनी दिलेली मूलभूत संकल्पना 'प्रवाहा'ची आहे. नाटक किंवा पुस्तक ही सुटी, सीमाबद्ध वस्तू असते. प्रेक्षक नाट्यगृहात जातो, पडदा वर जातो, पडदा पडतो. दूरचित्रवाणीवर मात्र चित्रपटाच्या मध्ये जाहिरात येते, जाहिरातीनंतर उद्याच्या कार्यक्रमाची झलक येते, आणि या तुकड्यांची नियोजित मालिका हाच प्रेक्षकाचा खरा अनुभव होतो. विल्यम्स यांनी ब्रिटनमधील तीन व सॅन फ्रान्सिस्कोतील दोन वाहिन्यांची प्रत्यक्ष तपासणी केली. वेळापत्रकातील कार्यक्रमांचा क्रम, एका कार्यक्रमातील घटकांचा क्रम आणि शब्द व प्रतिमा यांचा क्रम अशा तीन पातळ्यांवर त्यांनी ती मांडली. संहितेची सीमा कोठे आखावयाची, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच शास्त्रीय स्वरूपात पुढे आला.

दुसऱ्या प्रश्नाला चालना स्ट्युअर्ट हॉल यांच्या १९७३ सालच्या निबंधाने मिळाली. निर्माता अर्थाचे संकेतन करतो, प्रेक्षक विसंकेतन करतो आणि हे दोन व्यापार एकरूप असतीलच असे नाही, हे त्यांचे प्रमेय. प्रेक्षक प्रस्थापित अर्थ स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा त्याच्या विरोधी वाचन करतो. आपल्या काव्यशास्त्रातील 'सहृदय' हा आदर्श आस्वादक आहे. आस्वादात जे उणे पडते ते त्याच्या अधिकाराचे उणेपण मानले जाते. हॉल यांचा विरोधी प्रेक्षक मात्र अनधिकारी नाही. त्याला निर्मात्याचा अर्थ कळलेला असतो. स्वतःच्या सामाजिक स्थानावरून तो नाकारण्याचा निर्णय त्याने घेतलेला असतो.

डेव्हिड मॉर्ली यांनी हे प्रमेय प्रत्यक्ष कसोटीस लावले. 'नेशनवाइड' या बीबीसीच्या कार्यक्रमाचे भाग त्यांनी २९ गटांना दाखवले व झालेल्या चर्चांचे विश्लेषण १९८० साली प्रसिद्ध केले. बँकेचे व्यवस्थापक आणि कारखान्यांतील शिकाऊ कामगार यांची वाचने जवळची निघाली. कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांचे वाचन मात्र विरोधी होते. वर्ग एक असला तरी वाचन एक असेल, हे गृहीतक त्यामुळे डळमळीत झाले. नेदरलँड्समध्ये इयेन आंग यांनी 'डॅलस' ही अमेरिकन मालिका पाहणाऱ्यांना एका महिला-मासिकातून आवाहन केले. त्यांना ४२ पत्रे आली. या पत्रांच्या आधारे त्यांनी १९८२ साली जे पुस्तक लिहिले ते आजही या शाखेचा मानदंड मानले जाते. आंग यांनी ती पत्रे आकडेवारीत रूपांतरित केली नाहीत. साहित्याचा अभ्यासक पत्रवाङ्मय वाचतो तशी, शब्दांतील संकोच, समर्थन व उपरोध यांकडे लक्ष देत त्यांनी ती वाचली.

३. भारतातील प्रारंभ : प्रेक्षक आधी, कृती मागाहून

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. तिच्या अभ्यासाला खरी सुरुवात झाली ती 'साइट' या उपग्रह-प्रयोगामुळे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम दाखवण्यात आले. या प्रयोगाच्या मूल्यमापनासाठी मोठी सर्वेक्षणे झाली आणि काही खेड्यांत मानववंशशास्त्रज्ञ दीर्घकाळ वस्तीला राहिले. प्रेक्षकाच्या घरी व गावी जाऊन त्याचे पाहणे समजून घेण्याची पद्धत पाश्चात्त्य दूरचित्रवाणी-अभ्यासात १९८० च्या दशकात प्रतिष्ठित झाली. भारतात ती त्याआधीच वापरली गेली होती, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु या संशोधनाचा हेतू विकासाचा होता. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांविषयीची माहिती पोहोचली काय आणि वर्तनात बदल झाला काय, हे प्रश्न तेथे महत्त्वाचे होते. ज्या कार्यक्रमाचा परिणाम मोजावयाचा, तो कार्यक्रम स्वतः कसा रचलेला होता, त्यातील बोली कोणती होती, निवेदक कोणत्या स्वरात बोलत होता, यांची चिकित्सा त्या चौकटीत दुय्यम ठरली. 'हम लोग' या मालिकेच्या बाबतीतही हेच घडले. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या काळात तिचे १५६ भाग प्रक्षेपित झाले. लेखक मनोहर श्याम जोशी हे हिंदीतील महत्त्वाचे कादंबरीकार. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेचा जो अभ्यास केला तो मुख्यतः तिच्या सामाजिक संदेशाच्या परिणामाचा होता. कादंबरीकार जोशी आणि मालिकाकार जोशी यांच्यातील नाते हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय त्या चौकटीत येण्यासारखा नव्हता.

'रामायण' (१९८७-८८) आणि 'महाभारत' (१९८८-९०) या मालिकांनी हे चित्र काही अंशी बदलले. फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी १९९० साली 'रामायण' मालिकेचा विचार कथाकथन व रामलीला यांच्या परंपरेत ठेवून केला. पूर्णिमा माणकेकर यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिल्लीतील स्त्रिया द्रौपदी-वस्त्रहरणाच्या प्रसंगाचा अर्थ स्वतःच्या असुरक्षिततेशी जोडून कसा लावतात, हे दाखवले. अरविंद राजगोपाल यांनी २००१ साली 'रामायण' मालिका व हिंदुत्ववादी राजकारण यांचा संबंध तपासला. हे अभ्यास मोलाचे आहेत. मात्र त्यांतील बहुतेक परदेशी विद्यापीठांत, इंग्रजीत व दिल्लीच्या राष्ट्रीय प्रक्षेपणाविषयी झाले. प्रादेशिक भाषेतील दूरचित्रवाणी त्यांच्या कक्षेत क्वचितच आली.

'प्रेक्षक कोण' हा प्रश्न भारतात न्यायालयापुढेही आला होता, याची येथे नोंद करणे आवश्यक आहे. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील 'तमस' ही गोविंद निहलानी यांची मालिका १९८८ साली प्रक्षेपित होत असताना ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणास अनुमती दिली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कृतीचा परिणाम दुबळ्या व डळमळीत मनाच्या माणसावरून न ठरवता विवेकी व खंबीर मनाच्या माणसावरून ठरवावा, ही कसोटी तेथे मान्य झाली. विवेकी प्रेक्षकाची ही कल्पना हॉल यांच्या त्रिविध प्रेक्षकाशी ताडून पाहिली गेली असती, तर आपल्याकडे एका महत्त्वाच्या चर्चेला आरंभ झाला असता. ती झाली नाही, कारण विधी आणि साहित्य या दोन विभागांमध्ये दूरचित्रवाणीला स्वतःची जागा नव्हती.

४. 'प्रवाह' आणि मुंबई केंद्र

पाश्चात्त्य संकल्पना जशीच्या तशी स्वीकारावी असे अर्थातच नाही. विल्यम्स यांच्या 'प्रवाहा'मागे अमेरिकेतील व्यापारी वाहिन्यांचा अनुभव आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हाची स्थिती निराळी होती. वाहिनी एकच, प्रक्षेपण ठरावीक तासांचे, दोन कार्यक्रमांना जोडणारी निवेदिका आणि तांत्रिक बिघाड झाला की पडद्यावर येणारी 'व्यत्यय' ही पाटी. खंड येथेही पडत असे. परंतु तो विक्रीसाठी योजलेला नसे.

या केंद्राच्या प्रवाहाचे खरे वैशिष्ट्य भाषिक होते. एकाच सायंकाळी एकाच पडद्यावर मराठी, गुजराती व हिंदी कार्यक्रम येत. 'आमची माती आमची माणसं' पाहणाऱ्या घरात 'आवो मारी साथे' हा गुजराती कार्यक्रमही लागलेला असे, कारण बदलावयास दुसरी वाहिनीच नव्हती. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर या क्रमात केंद्र आणि प्रांत यांची आणखी एक सीमारेषा आली. म्हणजे विल्यम्स ज्या ठिकाणी कार्यक्रम आणि जाहिरात यांचा सांधा पाहतात, त्या ठिकाणी मुंबईच्या अभ्यासकाला भाषा आणि भाषा यांचा सांधा पाहावा लागेल. मराठी प्रेक्षकाच्या कानावर पडणारी मराठी ही अन्य भाषांच्या शेजारची मराठी होती.

१९९९ साली 'अल्फा मराठी' ही वाहिनी सुरू झाली आणि २००० साली 'ई टीव्ही मराठी' आली. खाजगी वाहिन्यांमुळे दिवसभर अखंड वाहणारा, जाहिरातींनी सांधलेला आणि मुख्यतः एकभाषिक असा प्रवाह मराठीत प्रथमच निर्माण झाला. विल्यम्स यांची संकल्पना येथे अधिक चपखल लागू पडते. बहुभाषिक प्रवाहाकडून एकभाषिक प्रवाहाकडे झालेल्या या संक्रमणाचा मालिकांतील मराठीवर काय परिणाम झाला, पुणे-मुंबईची प्रमाणभाषा आणि बोली यांचे स्थान कसे बदलले, हा भाषाभ्यासाचा अत्यंत महत्त्वाचा विषय आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी दोन्ही काळांतील अखंड सायंकाळी उपलब्ध असाव्या लागतात. येथे आपण तिसऱ्या प्रश्नाशी येतो.

५. जतनाचा प्रश्न

दूरचित्रवाणीची कृती नाहीशी होणे हा तिच्या इतिहासाचा सर्वत्र आढळणारा भाग आहे. चित्रफिती महाग होत्या आणि पुन्हा वापरता येत. बीबीसीसारख्या संस्थेनेही १९७० च्या दशकापर्यंत असंख्य कार्यक्रम पुसून टाकले. याउलट अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय वाहिन्यांच्या सायंकालीन बातम्या मुद्रित करण्यास प्रारंभ केला, आणि त्यांतील जाहिरातींसह त्या जतन केल्या. फ्रान्सने १९९२ साली पुस्तकांप्रमाणे प्रसारणालाही सक्तीच्या दाखलप्रतीचा नियम लावला आणि १९९५ पासून तो संग्रह संशोधकांना खुला केला. अभ्यासशाखा केवळ सिद्धान्तांवर उभी राहत नाही. तिला ग्रंथालय लागते.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि भारतीय चित्रपटाच्या गंभीर अभ्यासाला आधार मिळाला. त्याच नगरीत १९७४ साली चित्रपट संस्थेला दूरचित्रवाणीची जोड मिळाली. परंतु संग्रहालयाला तशी जोड मिळाली नाही. दूरदर्शनचा संग्रह त्या संस्थेकडे आहे, खाजगी वाहिन्यांचा त्या त्या कंपनीकडे. त्यातील निवडक भाग आज युट्यूबसारख्या माध्यमांवर पाहता येतात. २०२० साली टाळेबंदीच्या काळात 'रामायण' व 'महाभारत' यांचे पुनःप्रक्षेपण झाले. यावरून जतनाचा प्रश्न सुटला असे वाटण्याचा संभव आहे. तो सुटलेला नाही. जे उपलब्ध आहे ते कार्यक्रम आहेत, प्रवाह नव्हे. मूळ जाहिराती, निवेदन, प्रक्षेपणाची तारीख व वेळ आणि आधीचा-नंतरचा कार्यक्रम यांपासून ते तुटलेले आहेत. शिवाय कोणता भाग ठेवावा आणि कोणता काढून घ्यावा, हे मालकाच्या इच्छेवर अवलंबून आहे.

मराठीच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित वाटू नये. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. आज आपण ती ग्रंथरूपात सलग वाचतो. आठवडाभराची प्रतीक्षा, शेजारचा मजकूर, त्या अंकाचा वाचक हे सारे ग्रंथात गळून पडले आहे. तरीही 'करमणूक'चे अंक ज्या ग्रंथालयांनी जपले, त्यांच्यामुळे मूळ संदर्भाकडे परत जाण्याची वाट खुली राहिली. दूरचित्रवाणीच्या बाबतीत ही वाटच बंद होण्याचा धोका आहे.

६. मराठी विभागांचे कार्य

यावर एक आक्षेप संभवतो. सामान्य दर्जाच्या मालिकांसाठी एवढा खटाटोप कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु दर्जाचा निर्णय हा वाचनानंतर करावयाचा असतो. आज मराठी मालिकांची निंदा आणि स्तुती दोन्ही बहुधा न वाचताच होतात. प्रेक्षकसंख्या मोजणारी यंत्रणा कोणता संच किती वेळ कोणत्या वाहिनीवर होता हे सांगते. पाहणाऱ्याने काय पाहिले हे सांगत नाही. लोकसाहित्याविषयीही एके काळी असाच आक्षेप होता. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांनी आधी संकलन केले, मग विश्लेषण झाले आणि त्यानंतर मूल्यविचार. तोच क्रम येथेही योग्य ठरेल.

या दृष्टीने चार कामे सुचवता येतील. पहिले काम पाठनिश्चितीचे. प्रत्येक अभ्यासलेखात कृतीची तारीख, वेळ, वाहिनी, भागक्रमांक आणि पाहिलेली आवृत्ती मूळ प्रक्षेपणाची की नंतरची, याची नोंद असावी. ज्या पुण्यात विष्णु सुकथनकर यांच्या संपादनाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य उभे राहिले, त्या प्रदेशातील अभ्यासकांना पाठभेदाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' मालिकेने आपल्या आधारग्रंथांत त्याच आवृत्तीचा समावेश केला होता. आता त्या मालिकेचाही पाठ निश्चित करण्याची वेळ आली आहे.

दुसरे काम कागदपत्रांच्या संकलनाचे. चित्रफीत मिळत नसली तरी पटकथा, संवादांच्या प्रती, निवेदनाचे कागद, वेळापत्रके व प्रेक्षकांची पत्रे लेखक-निर्मात्यांच्या घरी असू शकतात. वि. का. राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले; येथे हिंडण्याचे अंतर फार थोडे आहे, मात्र मुदत त्याहून कमी आहे. पहिल्या पिढीतील तंत्रज्ञ, निवेदक व लेखक यांच्या मुलाखती हाही याच कामाचा भाग होय.

तिसरे काम वाचनाचे एकक ठरवण्याचे. 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. जाहिराती वगळून एक भाग २२ मिनिटांचा धरला तर एकूण अवधी सुमारे १,१०० तासांचा होतो. रोज आठ तास पाहूनही साडेचार महिने लागतील. संपूर्ण कृती वाचून मत देण्याचा साहित्यसमीक्षेचा नियम येथे टिकत नाही. म्हणून एक भाग, एक सप्ताह, एक कथापर्व अशी एकके निश्चित करून त्यांची निवड कोणत्या निकषावर केली हे सांगावे लागेल. मालिकेतील पुनरुक्ती हाही दोष मानण्यापूर्वी तपासण्याजोगा विशेष आहे. कीर्तनकार मध्येच आलेल्या श्रोत्यासाठी कथासूत्र पुन्हा हाती घेतो. दैनंदिन मालिका काल न पाहिलेल्या प्रेक्षकासाठी तेच करते. या दोन पुनरुक्तींत साम्य किती आणि भेद कोणता, हे सांगण्यास मौखिक परंपरेचा अभ्यासकच अधिक समर्थ आहे.

चौथे काम प्रेक्षकाच्या वाचनाचे. आंग यांना ४२ पत्रे पुरली. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील दोन पिढ्यांचे मालिकांविषयीचे बोलणे काळजीपूर्वक टिपले, तर त्यातून सर्वेक्षणांना न सापडणारे पुष्कळ काही हाती लागेल.

७. समारोप

ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीचा अभ्यास साहित्याच्या वर्गातून निघाला आणि संहितेकडून प्रेक्षकाकडे गेला. भारतात तो विकासाच्या योजनांतून निघाला. प्रेक्षक मोजला गेला आणि कृती वाचावयाची राहिली. मराठीत या दोन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत, आणि कृतीची साधने दिवसेंदिवस कमी होत आहेत. पाठ निश्चित करणे, तो जपणे, त्याचे वाचन करणे व त्याच्या वाचकाला समजून घेणे ही भाषाविभागांची जुनीच कौशल्ये आहेत. १९७२ पासूनच्या अर्धशतकात मराठी माणसाने आपल्या भाषेतील सर्वाधिक कथा कदाचित पडद्यावरूनच ऐकल्या असतील. त्या कथांचा पुरावा हाती असेपर्यंत त्यांचा अभ्यास सुरू झाला नाही, तर पुढील पिढीच्या वाङ्मयेतिहासकाराला त्या कालखंडाविषयी केवळ आठवणींवर विसंबावे लागेल. आठवणींची चिकित्सा करता येते. परंतु त्यासाठीही पडताळणीची एखादी प्रत कोठेतरी शिल्लक असावी लागते.